सेरेंगेटीतला गुलाबी डोक्याचा सरडा आणि नैवाशाचा शेंदरी डोक्याचा सरडा: एकच जाती की दोन?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. फेब्रुवारीत मी आणि सौ. केनिया व उत्तर टांझानियाच्या सहलीला जाऊन आलो. बाकीचे सहप्रवासी सिंह आणि बिबटे मोजत असताना माझा कॅमेरा मात्र पुन्हा पुन्हा दगडांवरच्या सरड्यांकडे वळत होता, आणि त्याचे फळ आता भोगतो आहे. आमच्या सोसायटीच्या सभागृहात गुढीपाडव्याला सभासदांनी काढलेल्या छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन भरते. त्यासाठी माझी तीन छायाचित्रे निवडली गेली आहेत, पण त्यांखालच्या पाट्यांवर नाव काय छापायचे हे काही केल्या ठरत नाही. गेल्या वर्षी येऊरला टिपलेल्या बागेतल्या साध्या सरड्याखाली मी 'शॅमेलिऑन' असे लिहिले होते आणि सातवीतल्या एका मुलीने ती चूक सर्वांसमोर दाखवून दिली होती. म्हणून यंदा आधी विचारतो आणि मग छापतो.

पहिले छायाचित्र सेरेंगेटीच्या मध्यभागी असलेल्या सेरोनेरा परिसरातले, सकाळी दहाच्या सुमाराचे आहे. सपाट गवताळ माळातून वर आलेल्या ग्रॅनाइटच्या एका उंचवट्यावर हा सरडा पुढच्या पायांवर छाती उचलून बसला होता आणि मधूनमधून मान खालीवर करत होता. डोके, मान आणि खांदे गुलालात बुडवून काढावेत तसे, आणि तिथून मागे सगळे अंग गडद निळे. शेपटीचा टोकाकडचा भाग तुटलेला दिसतो.

दुसरे छायाचित्र केनियातील नैवाशा सरोवराजवळच्या आमच्या मुक्कामाच्या ठिकाणचे आहे. तिथल्या दगडी कुंपणावर संध्याकाळी पाचच्या उन्हात बसलेल्या या सरड्याचे डोके शेंदरी, अंग निळे आणि शेपटीवर पांढरट व निळी कडी आहेत. तिसऱ्या छायाचित्रातला सरडा पहिल्याच उंचवट्यावर, पहिल्यापासून जेमतेम दोन वितींवर होता. तो मातकट तपकिरी असून त्याच्या कुशीवर पिवळसर नारिंगी डाग आहेत.

गाडीच्या चालकाने तिन्ही वेळा नुसते 'अगामा' म्हटले आणि गाडी पुढे काढली. फोनमधल्या एका ओळखयंत्राने तिन्हींना 'अगामा अगामा' असे नाव दिले. एका स्नेह्यांकडून आणलेल्या जुन्या पुस्तकात नैवाशासारख्या दिसणाऱ्या सरड्याचे नाव 'अगामा अगामा लिओनोटस' असे तीन शब्दांत छापलेले आहे. माझा स्वतःचा अंदाज असा की, तिन्ही एकाच जातीचे असावेत, पहिला आणि दुसरा यांतील फरक केवळ सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडाचा असावा आणि तिसरी मादी असावी. हा अंदाज कितपत बरोबर आहे? आणि तो चुकीचा असेल तर तो कशावरून चुकीचा ठरतो, हेही कृपया सांगावे, कारण प्रदर्शनात ती मुलगी पुन्हा येणार आहे.

खाडीकाठ (ऐरोली)

पहिला फोटो पाहताक्षणी ओळखला. ही 'स्पायडरमॅन' म्हणून प्रसिद्ध झालेली पाल आहे. तिचे शास्त्रीय नाव अगामा म्वान्झाए. लाल आणि निळ्या रंगांच्या या वाटणीवरून ती ओळखता येते. दुसरा फोटो वेगळ्या जातीचा वाटतो, पण त्याचे नाव जाणकारांनी सांगावे.

कातळसडा (खारघर)

घोडबंदरकर, आपला अंदाज अर्धा बरोबर आहे. पहिला आणि दुसरा सरडा हे वेगळ्या जातींचे आहेत, आणि ते उजेडाचा आधार न घेताही सांगता येते. तिसऱ्याबद्दल आपण मादी म्हणता तेवढ्या खात्रीने मी म्हणणार नाही.

आधी खाडीकाठ यांच्या एका शब्दाबद्दल. नाव त्यांनी अचूक सांगितले आहे, पण ही पाल नव्हे, सरडाच. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापणी नसते. तिच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने चाटून साफ करते. अगामाला हलणाऱ्या पापण्या असतात, आणि तिसऱ्या छायाचित्रात त्या अर्धवट मिटलेल्या स्पष्ट दिसत आहेत. शिवाय अगामाचे दात जबड्याच्या कडेवर वरून चिकटल्यासारखे बसलेले असतात. सरड्यांमध्ये ही ठेवण अगामांचे कुल आणि शॅमेलिऑनांचे कुल यांत आढळते, म्हणून ही दोन कुले एकमेकांची सख्खी मानली जातात. गेल्या वर्षीची आपली चूक अगदीच परक्या घरची नव्हती, असे त्या मुलीला सांगायला हरकत नाही. विदर्भात ज्याला सरडगुहिरा म्हणतात तो आपला शॅमेलिऑन आणि आपल्या कुंपणावरचा सरडा हे त्या अर्थाने चुलत घराणी आहेत.

आता उजेडाचा मुद्दा. संध्याकाळच्या उन्हामुळे गुलाबी रंग शेंदरी दिसला असता, तर त्याच उन्हाने त्या छायाचित्रातला पांढरा रंगही पिवळा केला असता. दुसरे छायाचित्र मोठे करून शेपटीवरची कडी पाहा. कड्यांमधला पांढरा पांढराच आहे, आणि कुंपणाच्या दगडांमधली चुन्याची रेघही तशीच आहे. म्हणजे शेंदरी हा डोक्याचा स्वतःचा रंग आहे. छायाचित्रावरून रंग ठरवताना शेजारी एखादी पांढरी किंवा राखाडी वस्तू शोधावी, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

तरीही रंगाच्या छटेपेक्षा रंगाची हद्द कुठे संपते ते पाहणे अधिक भरवशाचे. दुसऱ्या छायाचित्रात शेंदरी रंग डोक्यावर आणि गळ्याशी थांबतो, आणि मानेच्या मागे निळा लगेच सुरू होतो. पहिल्यात गुलाबी मानेवरून उतरून खांद्यांवर आणि छातीवर पसरला आहे, आणि पुढच्या पायांच्या वरच्या भागावरही त्याची झाक आहे. पहिली ठेवण अगामा म्वान्झाएच्या नराची आणि दुसरी अगामा लिओनोटसच्या नराची. म्वान्झाएचे डोके वरून चपटे असते. खडकाच्या अरुंद फटीत शिरायला त्याचा उपयोग होत असावा, असे ते फटीत शिरताना पाहिले की सहज वाटते. आपल्या छायाचित्रात सरडा आडवा बसल्यामुळे कपाळाची सपाट रेघ कड्याच्या रेघेला समांतर दिसते आहे, ती जरूर पाहा.

शेपटीवरची ठळक कडी ही लिओनोटसच्या नराची नेहमीची खूण आहे, पण आपल्या पहिल्या सरड्याची शेपटी तुटलेली असल्याने ती खूण तिथे तपासताच येत नाही. जाता जाता सांगतो: घरातली पाल शेपटी टाकते ती मणक्यात आधीच असलेल्या फटीच्या जागी. अगामांमध्ये अशी तयार फट नसते. शेपटी जोराने ओढली गेली तरच दोन मणक्यांच्या मध्ये तुटते. म्हणून असा तुटका अगामा दिसला की त्याने कोणा शिकाऱ्याशी किंवा दुसऱ्या नराशी झटापट केलेली असण्याची शक्यता बरीच.

नैवाशाबद्दल एक सावधगिरी बाळगायला हवी. त्या पट्ट्यात, म्हणजे रिफ्ट खोऱ्याच्या उंच भागात, अगामा कॉडोस्पिनोसा नावाचा आणखी एक कातळ-सरडा राहतो. कॉडोस्पिनोसा म्हणजे काटेरी शेपटीचा. १९१० साली त्याचे वर्णन झाले. आपल्या नराची शेपटी कडेने गुळगुळीत उतरते आहे, तिच्यावर टोकदार खवल्यांची वलये उभी राहिलेली नाहीत, म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवला.

तिसऱ्या सरड्याकडे येतो. अगामांच्या वस्तीत एका खडकावर बहुधा एकच नर पूर्ण रंगात असतो. तो उंच जागी बसून मान हलवतो आणि इतरांना आपली हद्द दाखवतो. त्याच खडकावर माद्या असतात, पिल्ले असतात आणि दबून राहणारे नरही असतात, आणि हे नर तपकिरी रंगाने माद्यांसारखेच दिसतात. वरच्या क्रमाचा नर नाहीसा झाला की यांतला एखादा रंग धारण करतो. पूर्ण रंगातला नरसुद्धा थंडीत, रात्री किंवा मार खाल्ल्यावर मळकट होतो. त्यामुळे तपकिरी म्हणजे मादी, हे समीकरण अगामांना लागू करता येत नाही. पायांच्या मध्ये, गुदद्वाराच्या पुढे, नराच्या पोटावर जाड, मेणचट खवल्यांची रांग असते, आणि लिंग ठरवायचे ते तिच्यावरून. आपला सरडा पोट दगडाला टेकून बसला आहे, त्याला इलाज नाही.

आणि ओळखयंत्राने 'अगामा अगामा' का सांगितले, तर त्या नावाखाली जगभरातून आफ्रिकेची हजारो छायाचित्रे वर्षानुवर्षे टाकली गेली आहेत, त्यांतली पुष्कळशी चुकीची. यंत्र त्यांच्यावरच शिकते. त्या नावाचा हक्काचा प्रदेश पश्चिम आणि मध्य आफ्रिकेकडचा आहे, सेरेंगेटीचा नाही.

घोडबंदरकर (ठाणे)

मन:पूर्वक आभार. पांढरी कडी मी आत्ता मोठी करून पाहिली. ती पांढरीच आहेत, आणि गुलाबी रंग खरोखर पुढच्या पायांवर उतरलेला आहे. महिनाभर ही छायाचित्रे पाहत होतो, पण हे दिसले नव्हते.

दोन शंका उरल्या. पहिली अशी की, म्वान्झाएच्या डोक्याच्या अगदी माथ्यावर मध्यभागी एक मोठा खवला आहे आणि त्यात मोहरीएवढा फिकट ठिपका दिसतो. ती जखम आहे का? दुसरी शंका जुन्या पुस्तकाबद्दल. तिथे 'अगामा अगामा लिओनोटस' आणि इथे आपण 'अगामा लिओनोटस' म्हणता. पुस्तक चुकले होते, की नाव बदलले? शिवाय काही ठिकाणी नावापुढे संशोधकाचे नाव आणि साल कंसात असते, तर काही ठिकाणी कंसाशिवाय. पाटीवर ते छापायचे झाले तर कसे छापावे?

येऊर_पायवाट (ठाणे)

ठिपक्याचे उत्तर सोपे आहे, ती जखम नव्हे. बऱ्याच सरड्यांच्या माथ्यावर तिसरा डोळा असतो. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार आणि दिवसाची लांबी जाणवते. अगामांमध्ये तो माथ्यावरच्या मोठ्या खवल्यात असतो, म्हणून तो खवला स्वच्छ टिपला गेला की ठिपका दिसतो. पाटीवर ही एक ओळ टाकावी. मुले त्याच्यापुढून हलणार नाहीत, हे मी वर्गात अनुभवले आहे.

नावाची गोष्ट मात्र लांब आहे. प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथात 'लॅसर्टा अगामा' या नावाने एक सरडा नोंदवला आणि त्याचे राहण्याचे ठिकाण म्हणून लिहिले: अमेरिका. अमेरिकेत हा सरडा मुळात नव्हताच. युरोपात जहाजांतून नमुने येत आणि त्यांच्याबरोबर गावाचे नाव येईलच असे नसे, तेव्हा असे घोटाळे नवलाचे नव्हते. पुढे आफ्रिकेतल्या लाल डोक्याच्या, निळ्या अंगाच्या जवळजवळ प्रत्येक सरड्याला 'अगामा अगामा' म्हणण्याची रीत पडली, सेनेगलपासून टांझानियापर्यंत. ज्यांत फरक फार ठळक दिसला त्यांना त्याच जातीच्या उपजाती मानले गेले, आणि तीन शब्दांचे नाव आले ते त्यामुळे. म्हणजे आपले पुस्तक त्याच्या काळाला धरून बरोबरच होते.

'लिओनोटस' हे नाव जॉर्ज अल्बर्ट बुलांजे यांनी १८९६ साली दिले. ते मूळचे बेल्जियमचे, पण त्यांचे बहुतेक काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाले. त्याच वर्षी त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या तीन शिंगांच्या शॅमेलिऑनचे, म्हणजे आज ट्रायोसेरॉस जॅक्सनी म्हणतात त्याचे, वर्णनही केले. लिओनोटस या शब्दाचा सिंहाशी काही संबंध नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गुळगुळीत पाठीचा असा होतो. सफारीवरून आलेले माझे दोन विद्यार्थी 'सिंहासारखा सरडा' असे छातीठोकपणे सांगत असत.

'म्वान्झाए' हे नाव व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावरच्या म्वांझा शहरावरून आले. ते आर्थर लव्हरिज यांनी १९२३ साली दिले, तेही सुरुवातीला स्वतंत्र जाती म्हणून नव्हे तर उपजाती म्हणून. लव्हरिज १९१४ साली नैरोबीच्या संग्रहालयात आले, नंतर टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) वन्यप्राणी खात्यात काही काळ होते आणि १९२४ साली हार्वर्डच्या संग्रहालयात गेले. पूर्व आफ्रिकेतल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नावांपुढे त्यांचे नाव इतक्या वेळा येते की, ते लिहायचा कंटाळा येऊ लागतो.

आता बदल कसा झाला ते सांगते. २००५ साली पश्चिम केनियातील मलाबा येथून अगामा फिंची ही नवी जाती वर्णन केली गेली, आणि त्याच लेखात लिओनोटसबद्दलही चर्चा होती. २००९ साली दोन गोष्टी घडल्या. एकीकडे वेगवेगळ्या देशांतल्या अगामांच्या मायटोकॉण्ड्रियातील डीएनएची तुलना होऊन वंशाचा वृक्ष मांडला गेला, आणि दुसरीकडे वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी लिनियसचा 'अगामा' नेमका कोणता, हा प्रश्न सोडवायला घेतला. लिनियसने सांगितलेले ठिकाण चुकीचे आणि मूळ नमुन्याचा भरवसा नाही, अशा स्थितीत नाव हवेत लटकत राहते. तेव्हा नियमांनुसार एक नवा नमुना नेमून नाव त्याला बांधून टाकता येते. तसा नमुना कॅमेरूनमधला निवडण्यात आला. त्या दिवसापासून 'अगामा अगामा' म्हणजे कॅमेरूनमधल्या त्या सरड्याची जाती, आणि बाकीच्यांना आपापली नावे परत मिळाली किंवा नवी शोधावी लागली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका मोठ्या गटाला पीटर्स यांनी १८७७ साली दिलेले 'पिक्टिकॉडा' हे जुने नाव पुन्हा वापरात आले. अमेरिकेतल्या फ्लोरिडात माणसांनी नेऊन सोडलेले अगामा याच जातीचे निघाले. म्हणजे लिनियस यांनी लिहिलेली अमेरिका अडीचशे वर्षांनी, वेगळ्याच वाटेने का होईना, थोडी खरी ठरली!

कंसाचे कोडे यातच सुटते. संशोधकाने जाती ज्या वंशात ठेवली होती त्याच वंशात ती आजही असेल, तर नाव कंसाशिवाय येते. वंश बदलला असेल तर कंसात. लिनियस यांनी 'लॅसर्टा' म्हटले होते म्हणून अगामा अगामापुढे लिनियस, १७५८ कंसात येतात. म्वान्झाए आणि लिओनोटस सुरुवातीपासून अगामा वंशातच आहेत, म्हणून 'लव्हरिज, १९२३' आणि 'बुलांजे, १८९६' कंसाशिवाय छापावेत. सोसायटीच्या पाटीवर इतके हवेच असे नाही, पण छापलेच तर बरोबर छापलेले बरे.

आफ्रिकेपुरतेच हे घडते असे वाटू नये म्हणून येऊरच्या पायवाटेवरचे उदाहरण देते. तिथे वाळक्या पानांतून सुळकन निसटणारी सापसुरळी माझ्या विद्यार्थिदशेत 'मॅबुया' होती. तेव्हा मॅबुया हा वंश अमेरिकेपासून आफ्रिका आणि आशियापर्यंत पसरलेला मानला जाई. २००२ साली डीएनएच्या आधारे त्याचे चार भाग केले गेले. आपल्याकडच्या सापसुरळ्या 'युट्रोपिस' झाल्या. आफ्रिकेतल्यांना आधी एक नाव दिले गेले, पण पुढच्याच वर्षी त्यांचे योग्य नाव 'ट्रॅकिलेपिस' आहे असे दाखवून देण्यात आले. घोडबंदरकर, आपल्या नैरोबीच्या छायाचित्रांत बागेतली पट्ट्यापट्ट्यांची सापसुरळी असेल तर ती बहुधा या ट्रॅकिलेपिस वंशातली. जुन्या पुस्तकात ती मॅबुया याच नावाखाली सापडेल.

नेरुळ_पामबीच (नेरुळ)

चर्चा वाचून ज्ञान वाढले, परंतु एका जुन्या शिक्षकाची तक्रार नोंदवतो. आम्ही मुलांकडून नावे पाठ करून घ्यायची आणि दहा वर्षांनी कोणीतरी ती बदलायची, हे कुठवर चालायचे? मग पाटीवर शास्त्रीय नाव लिहूच नये, सरळ 'आफ्रिकन सरडा' लिहावे. आणि हे डोके लाल व अंग निळे असे रंग तर आपल्याकडच्या सरड्यांनाही येतात. मग तेही अगामाच का म्हणू नयेत?

कातळसडा (खारघर)

सर, आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पारसिकच्या डोंगरावर किंवा कोणत्याही सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणावर बागेतल्या सरड्याच्या नराचे डोके आणि गळा लालभडक होतो. दक्षिणेतल्या कातळांवर राहणारा सॅमोफिलस तर वीण हंगामात पाठीवरून लाल आणि कुशीवरून काळा होतो, आणि तोही दगडावर बसून अगदी अगामासारखी मान हलवतो. रंगावरून ठरवायचे तर हे सगळे एका टोपलीत जातील. पण कुल एकच असले तरी शाखा वेगळ्या आहेत. बागेतला सरडा आणि सॅमोफिलस हे दक्षिण आशियाई शाखेतले, अगामा आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या शाखेतला. उघड्या दगडावर राहायचे, दुरून दिसायचे आणि प्रतिस्पर्ध्याला लांबूनच दटावायचे, ही गरज सारखी असल्याने वेशभूषा सारखी झाली आहे. 'आफ्रिकन सरडा' लिहिले तर घोडबंदरकरांचे पहिले दोन्ही नर पुन्हा एकच होऊन बसतील, आणि ते एक नाहीत हेच तर या धाग्यात कळले.

नावे बदलण्याच्या त्रासाबद्दल मला सहानुभूती आहे. पण एक बदल आपल्यालाही आवडेल. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला पंख्यासारखी रंगीत पिशवी असलेला सरडा आहे. त्याला पूर्वी दुसऱ्या वंशात कोंबलेले होते. २०१६ साली त्याच्यासाठी नवा वंश स्थापन झाला, आणि त्या वंशाचे नाव आहे 'सराडा', आपल्या मराठी सरड्यावरून घेतलेले. म्हणजे आता जगातल्या कोणत्याही संग्रहालयात हा शब्द लॅटिन नावांच्या रांगेत उभा आहे.

एक सूचना सर्वांनाच. 'जाती' आणि 'प्रजाती' हे शब्द वर्तमानपत्रे एका अर्थाने वापरतात आणि जीवशास्त्राची जुनी मराठी पुस्तके दुसऱ्या. पाटीवर 'जाती' आणि 'वंश' ही जोडी वापरली तर गोंधळ टळतो.

घोडबंदरकर (ठाणे)

सर्वांचे आभार. आज रात्री पाट्यांचा मजकूर असा लिहिला आहे, चूक असल्यास उद्या दुपारपर्यंत सांगावे, कारण त्यानंतर तो छपाईला जाईल.

पहिली पाटी: 'म्वांझाचा चपट्या डोक्याचा कातळ-सरडा, अगामा म्वान्झाए, नर. सेरोनेरा, सेरेंगेटी, टांझानिया. गुलाबी रंग खांद्यांपर्यंत उतरलेला पाहा. माथ्यावरचा फिकट ठिपका हा त्याचा तिसरा डोळा आहे.' दुसरी पाटी: 'केनियाचा कातळ-सरडा, अगामा लिओनोटस, नर. नैवाशा, केनिया. शेंदरी रंग गळ्याशी थांबतो, शेपटीवर कडी आहेत.' तिसरी पाटी: 'म्वांझाच्या कातळ-सरड्याची मादी. सेरोनेरा.'

सौ.नी सुचवले की, पहिल्या दोन छायाचित्रांच्या मध्ये 'दोघांतला फरक शोधा' असा कागद लावावा. मला ती कल्पना आवडली. बाकी, परवा जुनी छायाचित्रे चाळताना अरुशातल्या एका झाडाच्या बुंध्यावर निळ्या डोक्याचा एक सरडा सापडला. तोही याच दोघांपैकी एक आहे का?

कातळसडा (खारघर)

पहिल्या दोन पाट्या जशाच्या तशा छापाव्यात. तिसरीतला 'मादी' हा शब्द काढा. सेरोनेरा भागात लिओनोटस आढळतच नाही असे गृहीत धरू नये, आणि तपकिरी अवस्थेत या दोन जातींमध्ये अशा छायाचित्रावरून फरक करायला मी धजणार नाही. रंगीत म्वान्झाए नर शेजारी होता, एवढाच तिथे पुरावा आहे. म्हणून असे लिहा: 'अगामा वंशातील सरडा, बहुधा म्वान्झाए, मादी किंवा दबून राहणारा नर.' ही पाटी पाहून कोणी 'म्हणजे नक्की काय?' असे विचारले तर पोटाखालच्या खवल्यांची गोष्ट सांगता येईल.

अरुशाचा निळ्या डोक्याचा सरडा वेगळा. झाडाच्या बुंध्यावर राहणारा आणि नराचे डोके निळे असलेला तो वृक्ष-अगामा, वंश अकॅन्थोसर्कस. त्यातल्या जातींची वाटणी अलीकडेच नव्याने झाली आहे, तेव्हा त्याला स्वतंत्र धागा करावा आणि छायाचित्र मूळ आकारात टाकावे. या प्रदर्शनात तो घालू नका.

येऊर_पायवाट (ठाणे)

एक बारीक दुरुस्ती: दुसऱ्या पाटीत 'केनियाचा' लिहिले आहे, पण लिओनोटस टांझानियातही आढळतो. प्रचलित इंग्रजी नावाचे ते भाषांतर आहे हे ठाऊक आहे, तरी मुलांना वाटेल की तो फक्त केनियातच राहतो. 'पूर्व आफ्रिकेतील कातळ-सरडा' असे लिहिल्यास चालेल. आणि त्या सातवीतल्या, आता आठवीत जाणाऱ्या मुलीला पाडव्याच्या आदल्या दिवशी बोलावून पाट्या लावायला घ्या.